आम्हाला जरा समुद्रावर बसू द्या! फुकेतच्या सहली काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
फुकेतच्या ग्रुप टूर काढणारे महाराष्ट्रातले सर्व लहानमोठे सहल आयोजक,
पुणे, दादर, ठाणे, नाशिक, कोल्हापूर व जिथे कुठे आपलं ऑफिस असेल तिथे.

विषय : समुद्रकिनाऱ्याच्या सहलीत समुद्रकिनाऱ्याला वेळ मिळणेबाबत.

महोदय / महोदया,

स.न.वि.वि.

तुमचा फीडबॅक फॉर्म आम्ही परतीच्या विमानतळावर, काखेत पासपोर्ट धरून भरून दिला. ‘उत्तम’, ‘चांगले’ आणि ‘ठीक’ अशा तीन चौकोनांपैकी सगळ्यांनी सगळीकडे ‘उत्तम’वर खूण केली, कारण टूर मॅनेजर समोर उभा होता आणि पोरगा गुणाचा होता. एवढ्या माणसांच्या बॅगा, गोळ्या, रुसवेफुगवे आणि चहाच्या वेळा त्याने हसतमुखाने सांभाळल्या. त्याच्याविरुद्ध मी चकार शब्द काढणार नाही. पण फॉर्ममध्ये न मावणारं बरंच काही उरलं, ते इथे लिहिते.

आधीच सांगून टाकते, मजा आली. अंदमान समुद्राचं पाणी खरोखरच फोटोतल्या रंगाचं असतं, हे डोळ्यांनी बघेपर्यंत आमच्यातल्या निम्म्या लोकांना पटलेलं नव्हतं. तक्रार एवढीच, की मजा ऐन रंगात आली की बसचा हॉर्न वाजायचा.

नकाशात फुकेत एवढंसं दिसतं, म्हणून कार्यक्रम आखताना तुमचा गैरसमज होत असावा. प्रत्यक्षात ते थायलंडमधलं सर्वांत मोठं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ५४० चौरस किलोमीटर, उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत जवळपास ५० किलोमीटर. विमानतळ पार उत्तरेला, आपलं हॉटेल पश्चिम किनाऱ्यावर पाटोंगला, बोटीचा धक्का पूर्वेला आणि रात्रीचं जेवण या तिन्हींच्या मध्ये कुठेतरी. त्यातून मध्ये डोंगर. त्यामुळे फुकेतचा बराचसा भाग आम्ही बसच्या काचेतून पाहिला, आणि माझ्या काचेवर ‘इमर्जन्सी एक्झिट’ असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

आता तुमच्या ‘सिटी टूर’विषयी. कारोनच्या व्ह्यूपॉइंटवरून काता नोई, काता आणि कारोन असे तीन किनारे एका ओळीत दिसतात. तिथे आम्ही उतरलो, ग्रुप फोटो काढला आणि चढलो. वाट चालोंग हे बेटावरचं सगळ्यात मोठं बुद्धमंदिर. तिथे लोक नवस फेडायला विटांच्या एका भट्टीत फटाक्यांच्या माळा लावतात, तो आवाज कुठून येतोय हे कळेपर्यंत आपली निघायची वेळ झाली. पुढे मात्र घाई नव्हती. दागिन्यांचं शोरूम, मधाचं दुकान, लॅटेक्सच्या उशांचं दुकान. तिथे बसायला खुर्च्या, प्यायला थंड पाणी, ‘निवांत बघा’ असा आग्रह. हा निवांतपणा देवळाच्या वाट्याला का येत नाही? दुकानदार तुम्हाला काय देतात तो तुमचा आणि त्यांचा प्रश्न, मी त्यात पडत नाही. पण कोकणातली माणसं भरून आणलेली बस काजूच्या दुकानाशी उभी करणं, याला काय म्हणावं?

माझ्या सासूबाईंचं माहेर वेंगुर्ल्याचं. काजूच्या ज्या कलमांना वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ अशी गावाची नावं आहेत, ते वेंगुर्ला. दुकानाच्या दाराशी एक बाई हातयंत्रावर काजूची बी फोडून दाखवत होती. सासूबाई पुढे गेल्या, दोन मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. मग पर्स माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “अशी नाय गो बाय, उभी धर. गर अख्खो येवक व्हयो.” त्या बाईला मालवणी येत नव्हतं आणि यांना थाई. पण दोघींच्या बोटांवर बीच्या तेलाने भाजल्याच्या त्याच खुणा होत्या, एकीच्या ताज्या, दुसरीच्या लहानपणीच्या, नखाच्या कडेला राहून गेलेल्या. ती उठली, सासूबाई स्टुलावर बसल्या आणि पुढची दहा मिनिटं थायलंडातल्या त्या दुकानात प्रात्यक्षिक आमच्या घरचं चाललं. गर अख्खे निघत होते. कोरियाहून आलेल्या एका ग्रुपने टाळ्या वाजवल्या. आत गेल्यावर वसाबी लावलेला काजू सासूबाईंनी तोंडात टाकला, डोळे पुसले आणि मला एवढंच म्हणाल्या, “चांगला काजू वाया घालवला.” आणि तरीही, महोदय, आपल्या बसने त्या दिवशी भरपूर काजू विकत घेतला. सगळ्यात मोठी पिशवी रत्नागिरीच्या जोडप्याची होती.

जेवणाबद्दल लिहायचं तर लांबेल, पण लांबू दे.

“थायलंडात व्हेज काही मिळत नाही हो,” हे वाक्य आम्ही निघण्याच्या बैठकीपासून ऐकत आलो. त्यात तथ्य आहे. साध्या परतलेल्या भाजीतसुद्धा ‘नाम प्ला’, म्हणजे मासळीचा सॉस, नाहीतर कालवांचा सॉस पडलेला असतो आणि वाढणाऱ्याला ती भाजी शाकाहारीच वाटत असते. म्हणून तुम्ही रोज रात्री आम्हाला हिंदुस्तानी रेस्टॉरंटात नेलंत. दाल फ्राय, जिरा राइस, मिक्स व्हेज, पनीर आणि गुलाबजाम. दुसऱ्या रात्री रेस्टॉरंट बदललं, पण गुलाबजाम ओळखीचाच निघाला.

पण ज्या गावात तुम्ही हे वाक्य म्हणता, ते गाव शाकाहाराच्या उत्सवासाठी प्रसिद्ध आहे, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यात नऊ दिवस फुकेतमध्ये नऊ सम्राट-देवांचा उत्सव असतो. १८२५ साली कथू गावात खाणकामगारांसाठी खेळ करायला आलेली एक चिनी नाटकमंडळी आजारी पडली, त्यांनी मांसाहार सोडून देवाची आराधना केली आणि ती बरी झाली, अशी तिथली कथा. तेव्हापासून भाविक नऊ दिवस पांढरे कपडे घालतात, मांस, मासे, अंडी, दूध, दारू वर्ज्य करतात आणि ऐका, कांदा-लसूणही खात नाहीत! गालातून सळया आरपार घातलेल्या भक्तांच्या मिरवणुका निघतात, त्या बघायला मात्र काळीज घट्ट हवं. हे दिवस पुष्कळदा आपल्या नवरात्राच्या आसपासच येतात. २०२३ आणि २०२४ मध्ये तर दोन्ही जवळजवळ एकाच वेळी आले. म्हणजे इकडे घट बसलेले आणि तिकडे अख्खं बेट बिनकांदा-लसणाचं जेवतंय.

आणि हे जेवण फक्त उत्सवात मिळतं असंही नाही. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर रंगवलेलं दुकान दिसलं की समजायचं, इथे ‘जे’ जेवण आहे. फुकेत टाउनमध्ये अशी दुकानं वर्षभर चालतात. काचेच्या कपाटात दहा-बारा भाज्या मांडलेल्या असतात, बोट दाखवायचं, भातावर वाढून देतात. आपल्या ग्रुपमध्ये एक जैन कुटुंब होतं. त्यांच्यासाठी तुम्ही रोज लांबून वेगळा डबा मागवत होतात आणि तो रोज थंड होऊन येत होता. कंदमुळांचं तेवढं विचारून घेतलं असतं, तर गरमागरम जेवण त्या पिवळ्या पताकेखाली होतं. हॉटेलच्या खोलीत सासूबाईंच्या दहीभातासाठी आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून दही आणायचो. पहिलं स्ट्रॉबेरीचं निघालं, दुसरं साखर घातलेलं. साधं कुठल्या फळीवर असतं ते अखेर गल्ल्यावरच्या मुलीनेच दाखवलं. पुढच्या ग्रुपला ते आधीच सांगून ठेवा.

मासे खाणाऱ्यांची कथा याहून करुण. चहूबाजूंनी समुद्र आणि ताटात पनीर! दक्षिणेला रावाईला रस्त्याच्या एका बाजूला मासळी बाजार आहे. पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जगणाऱ्या उराक लावोई लोकांची तिथे वस्ती आहे. मासा तिथे घ्यायचा, रस्ता ओलांडून समोरच्या खाणावळीत द्यायचा, ते किलोमागे पैसे घेऊन तुम्ही सांगाल तसा करून देतात. एका संध्याकाळी आम्ही चार जण बसला टांग मारून गेलो. नवऱ्याने कल्ला उघडून मासा बघितल्यावर विकणारीने त्याच्याकडे जरा आदराने पाहिलं आणि भाव थोडा खाली आणला. युनेस्कोने २०१५ मध्ये फुकेतचं नाव खाद्यसंस्कृतीच्या शहरांत घातलं आहे. ते जिरा राइससाठी घातलेलं नाही.

बेटांच्या सहलीबद्दल माझी तक्रार कमी आहे, कारण समुद्राने तुमचं वेळापत्रक फारसं मनावर घेतलं नाही. स्पीडबोटीत चढण्याआधी सगळ्यांच्या चपला एका मोठ्या टोपलीत जमा करतात, हे आमच्यासाठी नवीन होतं. दिवसभर अनवाणी. संध्याकाळी टोपली धक्क्यावर उपडी केल्यावर एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, साधारण एकाच मापाच्या चपलांच्या ढिगाभोवती महाराष्ट्र उकिडवा बसला होता. बोटीवरच्या गाइडने सकाळी बजावलं होतं की कंबर, पाठ, गुडघे ज्यांचे दुखतात त्यांनी पुढे बसू नये, पुढे जोरात आपटतं. ‘पुढून छान दिसतं’ म्हणून सगळ्या आत्या-मावश्या पुढेच बसल्या. फी फी बेटांपर्यंतच्या प्रवासात प्रत्येक लाटेला पुढून सामुदायिक ‘अगं आई गं’ ऐकू येत होतं आणि मागून गाइड हताशपणे मान हलवत होता.

माया बे बघून बरं वाटलं. गर्दीने तिथल्या प्रवाळाची वाट लावली म्हणून थायलंडने तो किनारा २०१८च्या जूनपासून २०२२च्या जानेवारीपर्यंत चक्क बंद ठेवला होता. आता बोट मागच्या लो समा खाडीत लागते, तिथून लाकडी वाटेने चालत यायचं, पोहायचं नाही, पावलं भिजवायची तेवढी. काठाशी काळ्या टोकांच्या परांचे छोटे शार्क परत आलेत. गाइडने श्वास रोखून “शार्क! शार्क!” केलं, सगळे पुढे सरसावले. अलिबागच्या वहिनी चष्मा पुसून म्हणाल्या, “अगं, मुशी आहे ती. हिचं कालवण काय लागतं!” गाइडने काय म्हणाल्या म्हणून विचारलं, कुणी सांगितलं नाही. जाता जाता, तुमच्या सामानाच्या यादीत नुसतं ‘सनस्क्रीन’ लिहिलेलं असतं. प्रवाळाला घातक अशी चार रसायनं असलेलं सनस्क्रीन थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत न्यायला २०२१ पासून बंदी आहे आणि दंड एक लाख बाटपर्यंत जाऊ शकतो. यादीत दोन ओळी वाढवा.

फांगन्गाच्या उपसागरातला तो उभा सुळका, को तापू, १९७४च्या जेम्स बाँडपटामुळे प्रसिद्ध झाला. लोक तो तळहातावर तोलल्याचे फोटो काढतात, आम्हीही काढले. मला त्याहून आवडलं ते खांबांवर उभं असलेलं को पान्यी गाव. सपाट जमीन नाही म्हणून तिथल्या मुलांनी १९८६चा वर्ल्ड कप टीव्हीवर बघून जुन्या लाकडांचं तरंगतं फुटबॉल मैदान बांधलं. चेंडू समुद्रात गेला की उडी मारायची. आमचा मुलगा तिथल्या दोन पोरांबरोबर खेळायला लागला, तोच टूर मॅनेजरने झेंडा वर केला.

हंगामाबद्दल मात्र गंमत बाजूला ठेवून लिहिते. नैर्ऋत्येचा जो पाऊस जूनमध्ये तळकोकणात उतरतो, तोच फुकेतलाही येतो, आणि आपल्या आधी, मेच्या मध्यालाच. ऑक्टोबरपर्यंत पश्चिमेचे किनारे खवळलेले असतात, काता-कारोनला लाल झेंडे लागतात, पाय ओढून आत नेणारे प्रवाह असतात. आणि नेमकं याच दिवसांत ‘उन्हाळी सुट्टी धमाका’ म्हणून तुमचं फुकेत पॅकेज स्वस्त होतं. माझी मावसबहीण अशीच मेअखेरीला गेली. बोट रद्द झाली, सगळा ग्रुप मॉलमध्ये फिरला. पोरांना समुद्रात का जाऊ देत नाहीत, हे समजावताना तिचा घसा बसला. मेमध्ये न्यायचंच असेल तर पलीकडे थायलंडच्या आखातात को समुई आहे. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असतो, मे-जून-जुलै बऱ्यापैकी कोरडे जातात. विमान थोडं महाग पडेल, पण तसं सांगा तरी. आणि ज्यांना पावसाळ्यात फुकेतच हवंय त्यांना लाल झेंड्याचा अर्थ बसमध्ये माइकवरून सांगा. अंताक्षरी पाच मिनिटं उशिरा सुरू झाली तरी चालेल.

पाटोंगच्या बांगला रोडवर तुम्ही आम्हाला सहकुटुंब का नेलंत, हे अजून उलगडलेलं नाही. एक माणूस लॅमिनेट केलेलं कार्ड घेऊन सगळ्यांच्या मागे लागला होता. सासूबाईंनी मोठ्याने विचारलं, “काय रे, मेनू आहे का?” नवरा म्हणाला, “टेबल टेनिसचं आहे, आई, चला.” सांगलीचे एसटीतून निवृत्त झालेले काका त्या रात्री ‘जरा शतपावली करून येतो’ म्हणून निघाले आणि काकूंनी ‘मीही येते’ म्हटल्यावर शतपावली रद्द झाली.

याच काकांची खरी हकिकत मसाजची आहे. थाई मसाजला युनेस्कोने २०१९ मध्ये वारशाचा मान दिला, तो कशासाठी हे काकांनी सदेह अनुभवलं. त्यांना चटईवर पालथं घातलं, पाच फुटांच्या आतबाहेरची एक बाई त्यांच्या पाठीवर गुडघे टेकून बसली, दोन्ही मनगटं धरून मागे ओढली आणि पडद्याआडून आम्हाला “विठ्ठला!” ऐकू आलं. ती “रिलॅक्स, रिलॅक्स” म्हणत होती, हे “सोड, सोड” म्हणत होते. बाहेर आल्यावर काकांनी उजवा हात सरळ वर केला. तिकिटांचं मशीन आणि गर्दी यांत वर्षानुवर्षं आखडलेला खांदा. काकू बघतच राहिल्या. दुसऱ्या दिवशी काकांना परत जायचं होतं, पण पार्लर दहाला उघडतं आणि आपली बस साडेसातला सुटते.

टुकटुकवर जास्त शब्द खर्च करत नाही. फुकेतचा टुकटुक म्हणजे चार चाकांचा छोटा टेम्पो, मागे समोरासमोर बाकं, आत रंगीत दिवे, आणि भाडं ऐकून आपण दोन पावलं मागे सरतो. पण पाटोंगहून फुकेत टाउनला दिवसा निळी बस जाते, तिचं भाडं त्याच्या पासंगालाही पुरत नाही. ती बस तुमच्या पत्रकात नाही. आम्हाला ती हॉटेलच्या वॉचमनने सांगितली.

आणि ती सांगितली म्हणून फुकेत टाउन तरी दिसलं. कथिलाच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या हॉक्किएन चिनी व्यापाऱ्यांनी बांधलेली ही पेठ. थालांग रोडवरची घरं पुढून दोन खिडक्यांएवढीच रुंद, पण आत लांबच लांब गेलेली, मध्ये उजेडासाठी चौक. समोर कमानींचा पडवीसारखा सलग रस्ता, उन्हात बाहेर न येता या टोकापासून त्या टोकापर्यंत जाता येतं. रविवारी संध्याकाळी रस्ता गाड्यांना बंद करून बाजार भरतो. तिथे आम्ही बर्फाच्या किसावर पारदर्शक जेलीचे तुकडे घातलेला ‘ओ-एव’ खाल्ला आणि गाडीवरची केळं घातलेली रोटी. पीठ हवेत फिरवणाऱ्या त्या मुसलमान गाडीवाल्याने आम्ही इंडियाचे म्हटल्यावर रोटीवर कंडेन्स्ड मिल्कची एक धार जास्त सोडली.

विमानतळावरून येताना एका चौकात दोन स्त्रियांचे तलवारी घेतलेले पुतळे लागतात. आपली बस त्यांना वळसा घालून गेली आणि कुणी अवाक्षर काढलं नाही. चान आणि मूक या त्या बहिणी. १७८५ मध्ये ब्रह्मी फौजेने बेटाला वेढा घातला, तेव्हा सुभेदार नुकताच वारलेला होता. त्याची बायको चान आणि मेहुणी मूक यांनी गाव उभं केलं. गावातल्या बायकांना सैनिकांचे कपडे घालून तटावरून फिरवलं, असं सांगतात. शत्रूला फौज मोठी वाटली, महिनाभराने तो निघून गेला. आपल्याकडे या बहिणी झाल्या असत्या तर आतापर्यंत दोन मालिका आणि एक चित्ररथ नक्की झाला असता. बसमध्ये तेव्हा हॉटेलच्या वायफायचा पासवर्ड सांगणं चालू होतं.

तर मागणी अशी. तुमच्या पत्रकातल्या ‘फ्री डे’मध्ये सकाळी नाश्त्यालाच ऑप्शनल टूरचे पैसे गोळा करायला सुरुवात होते. तसा नको, खरोखर मोकळा एक दिवस द्या. न बस, न झेंडा. काताच्या किनाऱ्यावर छत्री भाड्याने घेऊ द्या, ज्याला झोपायचंय तो झोपेल, ज्याला खांदा चोळून घ्यायचाय तो घेईल. चार दुकानांतली तीन काढा. राहिलेलं एक कुठलं ठेवायचं ते तुम्ही ठरवा, फक्त काजूचं नको. रात्रीच्या जेवणांपैकी निदान दोन तिथल्या लोकांच्या हातची असू देत. पैसे तेवढेच घ्या, आम्ही भांडणार नाही.

जानेवारीचं बुकिंग कधी उघडताय ते कळवा. आम्ही सहा जण आहोत. दोघं शाकाहारी, एकीला बोटीत पुढे बसवायचं नाही, आणि सांगलीच्या काकाकाकूंना आमच्याच बसमध्ये जागा हवी आहे. त्यांचा आगाऊ निरोप आला आहे.

कळावे,

आपली विश्वासू,
मागच्या ग्रुपमधली खिडकीजवळची प्रवासी,
डोंबिवली (पूर्व)